व्हीआर डोमेन नावांत गुंतवणूक: तंत्रज्ञानाचे भवितव्य आणि शब्दाचे भवितव्य

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ओळखीच्या एका विक्रेत्याने 'व्हीआर' ही अक्षरे असलेल्या पंचवीस डोमेन नावांचा, म्हणजे संकेतस्थळांच्या पत्त्यांचा, संच १ लाख ७५ हजार रुपयांना देऊ केला आहे. त्यांपैकी अठरा नावे डॉट कॉम, चार डॉट इन आणि तीन डॉट एक्सवायझेड आहेत. व्हर्च्युअल रिॲलिटीचे, म्हणजे आभासी वास्तवाचे, भविष्य मोठे असल्यामुळे चार-पाच वर्षांत ही नावे कित्येक पटींनी विकली जातील, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. त्यावर तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: या तंत्रज्ञानाचे भवितव्य खरोखर कसे आहे, आणि हा संच घ्यावा की नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तुमचे पैसे त्यावर अवलंबून आहेत: संच घेऊ नये. त्यातील दोन किंवा तीन नावे वेगळी मागून पाहता येतील, आणि ती कशी निवडावीत हे पुढे लिहिले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र विक्रेत्याला वाटते तितके तुमच्या कामाचे नाही. डोमेन नाव विकत घेणारा माणूस हेडसेट, म्हणजे आभासी वास्तव दाखवणारे डोक्यावर बांधायचे यंत्र, बनवणाऱ्या कंपनीचा भागीदार होत नाही. ते तंत्रज्ञान वापरणारे लोक पुढे त्याला काय म्हणतील, एवढ्याच गोष्टीवर तो पैसे लावत असतो. तंत्रज्ञान वाढले आणि त्याचे नाव बदलले, तर हेडसेट विकणारा फायद्यात राहतो आणि जुने नाव धरून बसलेला गुंतवणूकदार दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे भरत राहतो. व्हीआरच्या बाबतीत नेमके हेच घडत आहे, असे माझे मत आहे.

हे मत फुकट मिळालेले नाही. मी २००८ पासून डोमेन नावांची खरेदी-विक्री करतो. फेसबुकने २५ मार्च २०१४ रोजी ऑक्युलस ही हेडसेट बनवणारी कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरना विकत घेत असल्याचे जाहीर केले, ती बातमी आपल्याकडे २६ तारखेच्या पहाटे आली. दुपारच्या जेवणापर्यंत मी 'व्हीआर' जोडलेली एकेचाळीस नावे नोंदवून मोकळा झालो होतो. व्हीआर आणि शिक्षण, व्हीआर आणि प्रवास, व्हीआर आणि व्यायाम, व्हीआर आणि लग्न. जो इंग्रजी शब्द सुचेल तो मोकळा आहे का हे पाहायचे आणि घ्यायचे. त्या एकेचाळीस नावांचे पुढे काय झाले, याचा तक्ता अजून माझ्याकडे आहे. पहिल्या वर्षाच्या शेवटी बारा नावे सोडून दिली, दुसऱ्या वर्षी आणखी नऊ. सहा वर्षांत चार विकली गेली, बाकीची कधी ना कधी गळाली. एकूण खर्च आणि एकूण आवक यांत उरले ते एका चांगल्या मोबाइल फोनच्या किमतीइतके.

त्या चार विक्रींकडे जरा नीट पाहण्यासारखे आहे. एक नाव वेल्डिंगचे प्रशिक्षण आभासी यंत्रावर देणाऱ्या संस्थेने घेतले. एक परदेशातील खेळ बनवणाऱ्या छोट्या चमूने घेतले. तिसरे, घरांची चित्रफीत करून देणाऱ्या एका व्यावसायिकाने. आणि चौथे, ज्याला सर्वांत जास्त किंमत मिळाली ते, एका सराफाने घेतले, कारण त्याच्या वडिलांच्या नावाची आद्याक्षरे व्ही. आर. होती. आभासी वास्तव म्हणजे काय हे त्या गृहस्थांना ठाऊक नव्हते आणि मीही ते समजावण्याच्या भानगडीत पडलो नाही.

आता शब्दाचा प्रवास पाहू. ऑक्युलसचे पहिले संकेतस्थळ 'ऑक्युलसव्हीआर डॉट कॉम' या नावावर होते. नुसते 'ऑक्युलस डॉट कॉम' तेव्हा दुसऱ्याकडे होते. पुढे कंपनीने ते मिळवले आणि नावातील 'व्हीआर' गळाले. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकने स्वतःचे नाव मेटा असे बदलले, त्यानंतर ऑक्युलस हेही नाव निवृत्त झाले आणि ते यंत्र 'मेटा क्वेस्ट' म्हणून विकले जाऊ लागले. सॅमसंगने २०१५ साली बाजारात आणलेल्या यंत्राचे नाव होते 'गिअर व्हीआर'. त्याच कंपनीने दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, आणलेल्या यंत्राचे नाव आहे 'गॅलक्सी एक्सआर', म्हणजे एक्सटेंडेड रिॲलिटी. मायक्रोसॉफ्टने मधल्या काळात 'मिक्स्ड रिॲलिटी' हा शब्द चालवून पाहिला आणि २०२३ अखेर विंडोजमधील तो विभागच मोडीत काढण्याचे जाहीर केले. ॲपलचे व्हिजन प्रो २ फेब्रुवारी २०२४ रोजी ३,४९९ डॉलरना विक्रीस आले, तेव्हा ॲपलने आपल्या सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना स्पष्ट सूचना दिली होती की तुमच्या ॲपचे वर्णन 'स्पेशियल कॉम्प्युटिंग' असे करा, त्याला एआर (ऑगमेंटेड रिॲलिटी), व्हीआर, एक्सआर किंवा एमआर (मिक्स्ड रिॲलिटी) म्हणू नका. संगणकीय खेळांच्या व्हॉल्व या कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या यंत्राचे नाव 'स्टीम फ्रेम' आहे. उलट बाजूचे ठळक उदाहरण सोनीचे: २०१६ चे 'प्लेस्टेशन व्हीआर' आणि २०२३ चे 'प्लेस्टेशन व्हीआर २'. म्हणजे खेळांच्या दुनियेत हा शब्द टिकून आहे, आणि ते तुमच्या पंचवीस नावांकडे पाहताना लक्षात ठेवावे लागेल.

सरकारी कागदांतही हेच दिसते. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये मंजूर केलेल्या धोरणाचे नाव 'एव्हीजीसी-एक्सआर' असे आहे, म्हणजे ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स आणि एक्सटेंडेड रिॲलिटी. अनुदान, संस्था, अभ्यासक्रम आणि निविदा यांत जो शब्द येतो तोच पुढे नव्या कंपन्यांच्या पाट्यांवर येतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. त्यावरून कोणी 'मग एक्सआरची नावे घेऊ' असे म्हणेल, तर तेही घाईचे ठरेल. २०२१ च्या शेवटी 'मेटाव्हर्स', म्हणजे लोक एकत्र वावरतील असे आभासी जग, या शब्दावर अशीच झुंबड उडाली होती. फेसबुकच्या घोषणेनंतरच्या आठवड्यांत मेटा या अक्षरांनी सुरू होणारे जे सुचेल ते नोंदवले जात होते. वर्षभराने, ३० नोव्हेंबर २०२२ रोजी, चॅटजीपीटी आले आणि नव्या कंपन्यांचा पैसा, त्याबरोबर नावे विकत घेणारे गिऱ्हाईकही, दुसरीकडे निघून गेले.

या ठिकाणी एआयशी तुलना अपरिहार्य होते, कारण तुमच्या विक्रेत्यानेही ती केली असणार. डॉट एआय हा अँग्विला या कॅरिबियन बेटाचा देशसंकेत आहे. अक्षरांचा योगायोग जुळला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांनी त्यावर गर्दी केली. व्हीआरला हे भाग्य लाभलेले नाही आणि सहजासहजी लाभणारही नाही. 'व्हीआर' हा कोणत्याही देशाचा संकेत नाही, आणि दोन रोमन अक्षरांची सर्वोच्च स्तरावरची, म्हणजे टिंबाच्या उजवीकडची, नावे देशांसाठीच राखून ठेवण्याचे आयकॅन या डोमेन नावांची जगभरची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेचे धोरण असल्यामुळे कोणतीही कंपनी कितीही पैसे भरून डॉट व्हीआर मागू शकत नाही. त्यामुळे व्हीआर ही अक्षरे टिंबाच्या डावीकडेच ठेवावी लागतात, आणि तिथे ती नाव लांब करतात.

लांबीपेक्षाही मोठी अडचण कानाची आहे. आमच्या धंद्यात एक साधी चाचणी असते: नाव फोनवर एकदा सांगायचे आणि समोरच्याने ते न विचारता बरोबर टंकले का हे पाहायचे. इंग्रजीत 'व्हीआर' आणि 'आम्ही आहोत' या अर्थाचे 'वी आर' यांचा उच्चार जवळजवळ सारखा आहे, आणि आपल्याकडे तर व्ही आणि डब्ल्यू यांत फरक करून बोलणारा माणूस विरळाच. मी एका चौकशी करणाऱ्याला नाव सांगितले, त्याने ते टंकले आणि 'इथे तर एक चर्च दिसते आहे' असे म्हणाला. नाव अक्षरे फोडून सांगावे लागले की त्याची अर्धी किंमत तिथेच गेली. शिवाय व्हीआर म्हणजे केवळ आभासी वास्तव नव्हे: फिनलंडची सरकारी रेल्वे व्हीआर आहे, जर्मनीतील सहकारी बँकांच्या जाळ्यातील कित्येक बँका व्हीआर या अक्षरांनी ओळखल्या जातात आणि आपल्याकडे त्या नावाचे मॉलही आहेत. नाव फार लहान असेल तर ही संदिग्धता लाभदायक ठरते. डॉट कॉममध्ये तीन अक्षरांची नावे एकूण १७,५७६ च असू शकतात, त्यामुळे व्हीआर आणि आणखी एक अक्षर असे नाव कोणत्याही अर्थाने विकले जाते. पण अशी नावे १ लाख ७५ हजारांच्या संचात येत नसतात.

तंत्रज्ञानाबद्दल माझे मत निराशेचे नाही. डोक्यावर पडदा बांधून आभासी जागा दाखवण्याचा पहिला गाजलेला प्रयोग आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये केला. १९८० च्या दशकात जॅरन लॅनिअर यांच्या कंपनीने 'व्हर्च्युअल रिॲलिटी' हा शब्द लोकांपर्यंत नेला. १९९५ मध्ये निन्टेन्डोचा व्हर्च्युअल बॉय आला आणि वर्षभरात गेला. २०१२ नंतरची लाट मात्र आधीच्यांसारखी ओसरून गेली नाही, कारण मोबाइल फोनमुळे लहान पडदे, हालचाल ओळखणारे संवेदक आणि प्रोसेसर स्वस्त झाले होते. २०१६ मध्ये ऑक्युलसचा रिफ्ट ५९९ डॉलरना मिळत होता आणि त्याला भारी संगणक वेगळा लागत होता. ऑक्टोबर २०२० चा क्वेस्ट २ कोणत्याही संगणकाशिवाय २९९ डॉलरना मिळू लागला. चार वर्षांत एवढा पल्ला मारणारे तंत्रज्ञान मेलेले असू शकत नाही.

मग ते घराघरांत का पोहोचले नाही? याची कारणे जाहिरातबाजीत सापडत नाहीत, ती शरीरात सापडतात. क्वेस्ट ३ चे वजन ५१५ ग्रॅम आहे. व्हिजन प्रोचे ६०० ग्रॅमच्या पुढे, आणि त्याची बॅटरी तारेने वेगळी खिशात ठेवावी लागते, तरी ती साधारण दोन तास पुरते. अर्ध्या किलोची वस्तू नाकावर आणि कपाळावर तासभर वागवून पाहा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. दुसरे कारण डोळ्यांचे. खऱ्या जगात जवळची वस्तू पाहताना दोन्ही बुबुळे आत वळतात आणि त्याच वेळी डोळ्यातील भिंगही त्या अंतरावर नजर जुळवते. हेडसेटमध्ये बुबुळे आभासी अंतराप्रमाणे वळतात, पण भिंगाला मात्र ठरावीक अंतरावरच स्थिर राहावे लागते. या विसंगतीमुळे डोळे शिणतात, आणि तिच्यावर बाजारात स्वस्त उपाय अजून आलेला नाही. तिसरी गोष्ट पडद्याच्या बारकाव्याची: निरोगी नजर एका अंशात सुमारे ६० बिंदू वेगळे ओळखते, तर क्वेस्ट ३ मध्ये ते साधारण २५ असतात. खेळाला एवढे पुरते, पण दिवसभर हिशेबाचा तक्ता वाचायला पुरत नाही.

पैशाच्या बाजूनेही चित्र दुहेरी आहे. मेटाच्या रिॲलिटी लॅब्स या विभागाला २०२२ मध्ये सुमारे १३.७ अब्ज डॉलर, २०२३ मध्ये १६.१ अब्ज आणि २०२४ मध्ये १७.७ अब्ज डॉलर इतका तोटा झाला. एवढा तोटा सोसून एखादी कंपनी काम चालू ठेवते, याचा अर्थ तिला पुढे काहीतरी दिसते आहे. पण ते जे दिसते आहे ते आता हेडसेटपेक्षा चष्म्याच्या आकाराचे आहे. रे-बॅनसोबत २०२३ मध्ये आलेला चष्मा आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेला, काचेत छोटा पडदा असलेला ७९९ डॉलरचा चष्मा, या वाटेने कंपनी निघालेली आहे. त्या चष्म्याला कोणी व्हीआर म्हणत नाही, कारण तो आभासी जगात नेतच नाही. माझा अंदाज असा की पूर्ण आभासी हेडसेट खेळ, प्रशिक्षण आणि उपचार या तीन कामांत पक्के बसतील. प्रशिक्षणात तर ते आधीच बसले आहेत: वॉलमार्टने २०१८ मध्ये कर्मचाऱ्यांना शिकवण्यासाठी आपल्या दुकानांत सुमारे १७ हजार हेडसेट पाठवण्याचे जाहीर केले होते. उपचारांत, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये जुनाट कंबरदुखीवर आभासी वास्तवाच्या एका प्रणालीला मान्यता दिली. ही कामे महत्त्वाची आहेत, पण त्यांचे खरेदीदार मोजके आहेत, आणि रुग्णालय किंवा कारखाना यंत्र विकत घेताना पुरवठादाराच्या डोमेन नावात व्हीआर आहे का हे पाहत नाही.

शब्द आणि तंत्रज्ञान कसे फारकत घेतात, हे मी पुण्यात अगदी जवळून पाहिले आहे. २०१७ च्या सुमारास हिंजवडी-बाणेर भागातील गृहप्रकल्पांच्या विक्री कार्यालयांत हेडसेट दिसू लागले होते. ग्राहकाला खुर्चीवर बसवायचे, डोळ्यांवर यंत्र चढवायचे आणि अजून न बांधलेल्या तीन खोल्यांच्या घरातून फिरवून आणायचे. मी स्वतः एका कार्यालयात रांगेत उभा राहून ते पाहिले. माझ्या पुढच्या आजींनी स्वयंपाकघरात पोहोचताच हात पुढे करून ओटा चाचपला, तो लागला नाही, आणि त्यांनी यंत्र काढून विचारले, 'नमुन्याचा फ्लॅट नाही का?' दोन वर्षांनी त्याच कार्यालयात गेलो तेव्हा हेडसेट खालच्या खणात, माहितीपत्रकांच्या गठ्ठ्याखाली होता. पण त्या घराची आभासी फेरी संपली नव्हती. ती व्हॉट्सॲपवर दुवा म्हणून पाठवली जात होती आणि लोक ती फोनवर बोटाने फिरवून पाहत होते. बांधकाम व्यावसायिक तेव्हाही आणि आताही तिला 'वॉकथ्रू' म्हणतात. माझ्या चार विक्रींपैकी तिसऱ्या नावात व्हीआर होते, आणि विकत घेणाऱ्याने वर्षभरातच धंदा 'वॉकथ्रू' असलेल्या दुसऱ्या नावावर हलवला. ते दुसरे नाव माझ्याकडे नव्हते, हे सांगायला नको.

आता हिशेबाकडे येऊ. डॉट कॉमची घाऊक किंमत ती सर्व नावे सांभाळणारी रजिस्ट्री, म्हणजे व्हेरिसाइन ही कंपनी, ठरवते. ती २०२१ पर्यंत ७.८५ डॉलर होती आणि सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर झाली. त्यावर रजिस्ट्रारचा, म्हणजे आपल्याला नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीचा, नफा, आयकॅनचे शुल्क आणि जीएसटी धरून आपल्याला एका नावामागे वर्षाला साधारण बाराशे रुपये पडतात. सोयीसाठी पंचवीसही नावांना हाच दर धरला तर वर्षाला तीस हजार. शंभर नावे हाताशी असतील तर वर्षाला एखाद-दुसरे विकले जाते, असा या धंद्यातील ढोबळ अंदाज आहे. पंचवीस नावांना तो लावला तर वाईट बाजूने चार वर्षांत एक आणि चांगल्या बाजूने दोन विक्री होतील. चार वर्षांचे नूतनीकरण १ लाख २० हजार, त्यात संचाची किंमत मिळवली की २ लाख ९५ हजार. विक्रीच्या बाजारपेठेचे कमिशन वीस टक्के धरा. एकच नाव विकले गेले तर नुसते मुद्दल निघण्यासाठी ते सुमारे ३ लाख ६९ हजारांना जायला हवे. दोन विकली गेली तर प्रत्येकी १ लाख ८४ हजारांना. व्हीआर आणि एक सामान्य शब्द असलेल्या नावाला आज असा भाव देणारे गिऱ्हाईक मला माहीत नाही. शिवाय या हिशेबात मुदत ठेवीचे बुडालेले व्याज धरलेले नाही.

विक्रेता बहुधा तुम्हाला एखाद्या यंत्रणेने काढलेले मूल्यांकन दाखवेल, त्यात प्रत्येक नावापुढे दीड-दोन हजार डॉलर लिहिलेले असतील. ते आकडे संगणकाने जुन्या विक्रींवरून काढलेले असतात आणि त्या किमतीला घेणारा माणूस त्यांच्यामागे उभा नसतो. जुन्या विक्री पाहायच्याच असतील तर नेमबायो या नोंदसंग्रहात व्हीआर हा शब्द टाकून स्वतः पाहा, आणि पाहताना विक्रीच्या तारखेवर बोट ठेवा: २०१४ ते २०१७ मधील भाव आजच्या बाजारात दाखवणे म्हणजे मागच्या आंब्याच्या हंगामाचा दर यंदाच्या पेटीला लावणे होय.

किमतीपेक्षा गंभीर बाब कायद्याची आहे. संचातील नावांत क्वेस्ट, व्हाइव्ह, पिको, ऑक्युलस किंवा मेटा यांपैकी एखाद्या कंपनीचे वा यंत्राचे नाव असेल तर ते नाव फुकट मिळाले तरी घेऊ नका. १९९९ पासून लागू असलेल्या यूडीआरपी या तंटा-निवारण पद्धतीत तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव त्याच्या ट्रेडमार्कशी फसवे साम्य राखते, धारकाचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि ते वाईट हेतूने नोंदवले व वापरले गेले. डॉट इनसाठीच्या आयएनडीआरपी या पद्धतीत तिसरी अट सैल आहे. तिथे वाईट हेतूने नोंदवणे 'किंवा' वापरणे एवढेच पुरते. निर्णय विरुद्ध गेला की नाव तक्रारदाराकडे जाते आणि तुम्हाला एक पैसाही मिळत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असे सांगितले आहे. आणि कंपनीला स्वतःहून 'तुमचे नाव माझ्याकडे आहे, घेता का?' असा मेल पाठवणे हा पुढे तुमच्याच विरुद्ध जोडला जाणारा पुरावा असतो. माझ्या ओळखीतील एका होतकरू मुलाने तो पाठवला होता; आठवड्याने त्याला उत्तर आले, ते वकिलाकडून.

उरलेल्या नावांची तपासणी एकेक करून करावी लागेल. माझी पद्धत सांगतो. आधी नावाची नोंदणी तारीख पाहतो. २०१४ मध्ये नोंदवलेले आणि आजवर कोणीतरी सतत भरत आलेले नाव आणि कोणीतरी सोडून दिल्यावर गेल्या महिन्यात उचललेले नाव, यांत फरक आहे. तुमच्या संचातील बहुतेक नावे अलीकडच्या तारखांची निघाली तर समजा की विक्रेत्याने ती प्रत्येकी हजार-बाराशेला नोंदवली असून तुम्हाला सरासरी सात हजारांना देत आहे. मग संकेतस्थळांची जुनी रूपे साठवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये जुनी पाने पाहतो, कारण जुगाराची किंवा अश्लील पाने ज्यावर होती ते नाव शोधयंत्रांत डागाळलेले असू शकते. तेच शब्द इतर किती प्रत्ययांवर, म्हणजे टिंबानंतरच्या अक्षरांवर, नोंदवलेले आहेत आणि तिथे चालू व्यवसाय आहेत की नुसती विक्रीची पाटी आहे, हे पाहतो. आणि शेवटी कागदावर अशा दहा व्यवसायांची नावे लिहितो ज्यांना हे नाव आज उपयोगी पडेल. दहा होत नसतील तर नाव घेत नाही. ही शेवटची पायरी कंटाळवाणी असल्यामुळे जवळजवळ सगळे ती गाळतात, मीही २०१४ मध्ये गाळली होती.

या गाळणीतून तुमच्याकडे काय उरेल याचा अंदाज सांगतो: डॉट कॉममधील खेळाशी संबंधित एखादे छोटे नाव, कारण तिथे शब्द टिकून आहे, आणि प्रशिक्षण किंवा सुरक्षा-सरावाशी संबंधित एखादे, कारण तिथे खरे काम चालू आहे. प्रवास, लग्न, खरेदी, मालमत्ता यांना व्हीआर जोडलेली नावे सोडून द्यावीत. डॉट एक्सवायझेडची तीनही नावे वजा करा. तो प्रत्यय पहिल्या वर्षी कवडीमोल मिळतो आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण दराने बिल येते, तेव्हाच विकणारे विकायला काढतात. डॉट इनला भारतीय गिऱ्हाईक असते, पण ते किमतीला कडक असते. देवनागरी डॉट भारत २०१४ पासून उपलब्ध आहे आणि मराठीत नाव नोंदवण्याचा मला आनंदच वाटतो, तरीही त्याच्या पुनर्विक्रीचा बाजार जवळजवळ नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ब्लॉकचेनवरची म्हणून जी 'डोमेन' विकली जातात ती आयकॅनच्या मूळ यंत्रणेत नसल्यामुळे साध्या ब्राउझरमध्ये उघडत नाहीत. विक्रेत्याने ती भेट म्हणून जोडली तरी त्यांची किंमत शून्य धरा.

दोन नावे पसंत पडलीच, तर विक्रेत्याला संच न मोडण्याची अट सोडायला सांगा आणि प्रत्येकी आठ-दहा हजारांच्या वर जाऊ नका. तो नाही म्हणाला तर त्याचा पत्ता आणि नावांची मुदत संपण्याच्या तारखा तेवढ्या लिहून ठेवा. डॉट कॉमची मुदत संपल्यानंतर रजिस्ट्रारच्या सवलतीचे दिवस जातात, मग तीस दिवसांचा परत मिळवण्याचा काळ आणि शेवटी पाच दिवसांची प्रतीक्षा, आणि नाव पुन्हा सर्वांसाठी मोकळे होते. मधल्या काळात रजिस्ट्रार ते लिलावातही काढू शकतो. व्हीआरची कितीतरी नावे गेल्या काही वर्षांत मी अशीच परत येताना पाहिली आहेत, त्यांत माझीही होती. व्यवहार ठरलाच तर पैसे आधी देऊ नका. दोघांचे खाते एकाच रजिस्ट्रारकडे असेल तर नाव खात्यातून खात्यात काही मिनिटांत ढकलता येते. एवढ्या रकमेसाठी परदेशी एस्क्रोचे, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे धरून ठेवणाऱ्या मध्यस्थाचे, शुल्क परवडत नसेल तर हाच मार्ग सोपा पडतो, फक्त नाव तुमच्या खात्यात दिसल्यावर, ते दुसरीकडे हलवता येऊ नये म्हणून कुलूप लागल्यावर आणि संपर्काचा मेल तुमचा झाल्यावरच पैसे पाठवावेत. नंतर ती नावे विक्रीला लावली की महिन्याभरात एक मेल येईल: गिऱ्हाईक तयार आहे, किंमत मान्य आहे, फक्त अमुक ठिकाणाहून मूल्यांकनाचे प्रमाणपत्र आणा. ते प्रमाणपत्र पैसे देऊन घ्यावे लागते आणि ते विकणारा व तो मेल पाठवणारा बहुधा एकच असतो.